खारा वारा आणि मिररलेस कॅमेरा : या चुका टाळा

शूट आटोपलं, पायांची वाळू झटकली, कॅमेरा वरवर पुसून बॅगेत टाकला. दोन दिवसांनी झूम रिंग फिरवली तर आतून करकर. माझ्या पहिल्या वेदर सील्ड, म्हणजे धूळ-पाण्यापासून जपणाऱ्या लेन्सची ही गत झाली, आणि दोष लेन्सचा नव्हता. सील म्हणजे सांध्यांत बसवलेल्या रबरी पट्ट्या. त्या धूळ आणि शिंतोडे अडवतात, लाट नाही. ओएम सिस्टिमच्या ओएम-१ कॅमेऱ्याला आयपी५३ मानांकन (धूळ-पाणी किती अडतं ते सांगणारा आकडा) आहे, पण त्यातला ३ हा आकडासुद्धा वरून येणाऱ्या फवाऱ्यापुरताच. बऱ्याच कंपन्या आकडा देतच नाहीत. काही लेन्सचं सील तर पुढे फिल्टर लावल्याशिवाय पूर्ण होत नाही. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही.

सुकलेलं मीठ टी-शर्टच्या टोकाने पुसणं ही त्याहून महागडी चूक. कण काचेवर घासले जातात आणि कोटिंगवर ओरखडे उठतात. आधी ब्लोअरने वाळू उडवा. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने मीठ विरघळवत टिपून घ्या, शेवटी कोरडं मायक्रोफायबर. बॉडीचंही तसंच, बटणांभोवतीच्या फटी विसरू नका. ट्रायपॉड खुशाल नळाखाली धरा. तो किनाऱ्यावर उघडताना पायांचा सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी बाहेर काढा, म्हणजे लॉक वाळू-पाण्याच्या वर राहतात.

लेन्स बदलण्याबद्दल थोडक्यात: वाऱ्यात बदलू नका. डीएसएलआर, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या चिपच्या) पुढे निदान आरसा आणि शटरचा पडदा असायचा, आरसा नसलेल्या मिररलेसमध्ये सेन्सर उघडाच. २०१८ च्या कॅनन ईओएस आर पासून काही बॉडी बंद करताच शटरचा पडदा ओढून घेतात; तुमच्या मेन्यूत तसा पर्याय असेल तर चालू करा. पण तो पडदा नाजूक असतो, त्यावर बोट किंवा ब्लोअरची नळी टेकवू नका. सेन्सरवर धूळ बसली का हे बघायचं तर एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. ठिपके दिसतीलच.

आता व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी; मिररलेसमध्ये तिच्या आत छोटा स्क्रीन असतो. मिररलेसची सगळ्यात मोठी सोय हीच आणि फसगतही इथेच. पहाटेच्या अंधारात तो इतका उजळ दिसतो की एक्स्पोजर छान वाटतं. घरी फाइल उघडली की काळोख. भर दुपारी उलटं होतं. म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, लावून ठेवा. तोही बहुतेक कॅमेऱ्यांत जेपेगवरून, म्हणजे कॅमेऱ्याने रंग-उजेड पक्के केलेल्या चित्रावरून काढलेला असतो, त्यामुळे पिक्चर स्टाइल भडक ठेवलीत तर रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) शाबूत असलेली फेसाची पांढराई तो उडाली, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी झाली, म्हणून दाखवेल. लाटांवरच्या चकाकीचे चार ठिपके उडाले तर उडू द्यात, फेसाचा पोत जाता कामा नये. कॅमेरा गळ्यात अडकवताना आयपीस सूर्याकडे उघडा राहिला तर त्यातलं भिंग किरण एकवटून व्ह्यूफाइंडरचा आतला स्क्रीन जाळू शकतं, हे मात्र फार जणांच्या गावीही नसतं.

एक गोंधळ नेहमी विचारला जातो: ‘अंधारात मॅन्युअल फोकस नीट लावला होता, तरी पुढचे सगळे फोटो धूसर कसे?’ मिररलेसच्या बऱ्याच लेन्समध्ये फोकस रिंग मोटरला फक्त इशारा देते. कॅमेरा बंद झाला किंवा झोपला की काही लेन्स आपली जागा सोडतात. पॉवर सेव्हची वेळ वाढवा, फोकसची जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय असेल तर लावा, आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर एकदा मोठं करून तपासा.

उडणाऱ्या पक्ष्याचे पंख वाकडे आले, पॅन करताना होडीची डोलकाठी तिरपी झाली, तर सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं. निकॉन झेड९ चा सेन्सर हे इतक्या झपाट्याने करतो की त्यात यांत्रिक शटरच नाही, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनी ए९ थ्री पूर्ण चौकट एकाच क्षणी टिपतो. आपल्यासारख्यांच्या नेहमीच्या बॉडीत यांत्रिक शटरच बरं.

लाँग एक्स्पोजरमध्ये खडक दोनदा उमटला तर लोक आधी लेन्सला दोष देतात. बहुधा ट्रायपॉड खचलेला असतो. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. पाय दाबून रोवा, दोन-तीन लाटा जाऊ द्या, पुन्हा दाबा, मगच शटर. शटर मंद करण्यासाठी एफ/२२ ला जाऊ नका, इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो (विवर्तन) आणि सगळंच मऊ पडतं. सहा स्टॉपचा एनडी, म्हणजे प्रकाश सहा वेळा निम्मा करणारा काळसर फिल्टर, लावला की १/६० चं थेट १ सेकंद होतं. आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले नकोसे ठिपके काढणारा पर्याय) चालू असेल तर २ मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी २ मिनिटं अडकून बसतो. तोवर पाणी घोट्यापर्यंत आलेलं असतं.

पाण्यावरून आठवलं. माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक कॅमेऱ्याची नव्हतीच. एका कुटुंबाला सूर्यास्ताची वेळ दिली, प्रकाशाचा अंदाज काढला, भरतीचं कोष्टक बघितलंच नाही. पोहोचलो तर पाणी भिंतीला टेकलेलं. ‘अहो, वाळू कुठाय?’ त्यांनी विचारलं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. मागच्या आठवड्यात मोकळा असलेला किनारा या आठवड्यात त्याच वेळी बुडालेला असू शकतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त आत येतं आणि जास्त लांब ओसरतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, फरक कमी. सहा तासांच्या चढावात मधल्या दोन तासांतच जवळपास निम्मं पाणी चढतं. खडकांमागे अडकायला तेवढे पुरतात. तारीख कबूल करण्याआधी कोष्टक उघडा.

व्यवहाराचं तोंडी ठेवू नका. हवामान बिघडलं तर पर्यायी दिवस कोणता, आगाऊ रकमेचं काय, फोटो जाहिरातीत वापरता येतील की घरापुरते, हे आधीच लेखी घ्या. दोन कार्डांच्या कॅमेऱ्यात दुसरं कार्ड ‘पहिलं भरल्यावर’ असं लावलेलं असू शकतं. ते बॅकअपवर आणा.

आणि कॅमेरा समुद्रात पडलाच तर? चालू करून बघायचा मोह आवरा. बॅटरी लगेच काढा, कार्ड काढा, तांदळाच्या डब्यात ठेवून वेळ घालवू नका. तांदूळ मीठ शोषत नाही. त्याच दिवशी दुरुस्तीला न्या आणि पाणी समुद्राचं होतं हे सांगून टाका. लपवलंत तरी उघडल्यावर त्यांना गंज दिसतोच.