पहिला दिवस मोजा: साठ दिवसांच्या हिशेबात मी कुठे चुकलो

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात वकिली सुरू केली, तेव्हा राज्यघटनेचे अनुच्छेद २० ते २२ मला तोंडपाठ होते. अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते, हे तुम्हीही जाणता. मी फसलो ते त्यापुढच्या मोजणीत.

तपास मुदतीत न संपल्यास मिळणारा जामीन ही कुणाची मेहेरबानी नाही. तो जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेद २१ शी जोडलेला हक्क आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक कारावासाच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवसांची आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांची असते, आणि ती अटकेपासून नव्हे, तर पहिल्या रिमांडपासून, म्हणजे दंडाधिकाऱ्यांनी कोठडीचा पहिला आदेश दिला त्या दिवसापासून मोजतात. माझ्या पक्षकारावर घरातील चोरीचा, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा होता आणि पहिला रिमांड ३ जुलैला झाला. ‘पहिला दिवस सोडायचा असतो,’ असे सीनियरांनी चालता चालता सांगितले. तो नियम १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमधला; मात्र या मुदतीत रिमांडचा दिवसही धरायचा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०२३ मध्ये ठरवले आहे. म्हणजे ३१ ऑगस्टला साठ दिवस भरले आणि १ सप्टेंबरच्या सकाळीच अर्ज द्यायला हवा होता. मी २ तारखेला गेलो. दोषारोपपत्र आदल्या दुपारी दाखल झाले होते, आणि त्याआधी अर्ज नसल्यामुळे हक्क संपला होता. कपाशीची फवारणी सोडून आलेले मुलाचे वडील जामिनासाठीचा सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत धरून व्हरांड्यात उभे होते. “एका दिवसानं असं काय झालं जी, वकीलसाहेब?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

सीनियरांचा आदर करा, पण तारीख त्यांच्या तोंडून घेऊ नका. परीक्षेच्या गाईडवर तर मुळीच विसंबू नका. कलम आणि निकाल स्वतः वाचा. अशा चुकीने वकिली संपत नाही, हेही सांगतो. त्या मुलाला पुढे गुणवत्तेवर, म्हणजे प्रकरणातील तथ्ये पाहून, जामीन मिळाला, फक्त तोवरचे दिवस त्याने कोठडीत काढले.

आता पहिल्या रिमांडलाच मी साठावी किंवा नव्वदावी तारीख फाईलच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहितो, आणि त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी न्यायालय उघडताच, अर्जावर वेळ लिहून तो देतो. वीज गेली, टायपिस्ट आला नाही, तरी थांबू नका: राकेश कुमार पॉल प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोंडी विनंतीही पुरेशी मानली आहे. उभे राहून ती करा आणि रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) तिची नोंद घेण्याची विनंती करा.