लैंगिक संसर्गाच्या तपासणीसाठी नमुना देताना

आधी तारीख आठवा. ज्या संबंधानंतर शंका आली, तो दिवस नक्की कुठला? दुसऱ्याच दिवशी दिलेल्या नमुन्यात बहुधा काहीच सापडत नाही आणि तो निगेटिव्ह रिपोर्ट खोटा धीर देतो. क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी साधारण २ आठवडे जाऊ द्या. शिरेतल्या रक्तावरच्या अँटिजेन-अँटिबॉडी चाचणीत एचआयव्ही दिसायला १८ ते ४५ दिवस लागतात, सिफिलिसला कधी कधी ९० दिवसही. पण जळजळ, स्राव किंवा फोड असेल तर दिवस मोजत बसू नका, लगेच जा. आणि एचआयव्हीची भीती असून ७२ तास उलटले नसतील, तर तपासणीच्याही आधी प्रतिबंधक औषधांसाठी डॉक्टरांना गाठा.

घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी खाऊन येऊ नका. घेतली असेलच, तर कोणती आणि कधी ते फॉर्मवर लिहा.

संबंध तोंडाने किंवा गुदमार्गाने आला असेल, तर तेही सांगा. सांगायला जड जातं, मला कळतं. रोज नमुने घेताना मी ते चेहरे पाहते. पण घशातला किंवा गुदाशयातला जंतू लघवीत सापडत नाही. तिथला स्वॅब, म्हणजे कापूस लावलेल्या काडीने घेतलेला नमुना, वेगळा घ्यावा लागतो आणि तुम्ही बोलल्याशिवाय तो कुणी घेणार नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा लघवीत होतो. मूत्रसंसर्गाच्या तपासणीमुळे लोकांना मधली धार धरायची सवय असते. इथे पहिली धार हवी. जंतू मूत्रमार्गाच्या अस्तरात असतात आणि पहिली धार त्यांना धुऊन बाहेर आणते. मधली धार येईपर्यंत बरेचसे निघून गेलेले असतात. म्हणून निदान तासभर लघवीला जाऊ नका, तो भाग आधी धुऊ-पुसू नका, बाटली सुरुवातीलाच धरा, पहिली २० ते ३० मिलिलिटर घ्या आणि बाटली बाजूला करा. काठोकाठ भरलेली बाटली समोर आली की मला वाईट वाटतं. तासभर कळ काढून आलेल्या माणसाचा नमुना नेमका शेवटी पातळ झालेला असतो.

बायकांसाठी लघवीपेक्षा योनीमार्गातला स्वॅब जास्त भरवशाचा, आणि नीट घेतला तर स्वतः घेतलेला स्वॅब डॉक्टरांनी घेतलेल्याइतकाच चांगला. आदल्या दिवसापासून आत क्रीम किंवा औषध घालू नका, आतून धुऊ नका. हात धुऊन कोरडे करा. काडीच्या टोकाला बोट, कपडा, बेसिन काही लागू देऊ नका. साधारण ५ सेंटीमीटर आत सरकवा, भिंतींना टेकेल अशी १० ते ३० सेकंद गोल फिरवा, थेट नळीत घाला, खुणेवर मोडा, झाकण घट्ट लावा. नळीत आधीपासून असलेलं द्रव नमुना टिकवण्यासाठी असतं, ते ओतून टाकू नका. सांडलं तर बिनधास्त नवं किट मागा.

फोड आला असेल तर मलम न लावता या, आणि लवकर या. हर्पिसचा विषाणू ताज्या फोडात चांगला सापडतो, खपली धरली की कमी. गोनोरियाचं कल्चर, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, सांगितलं असेल तर तो स्वॅब फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत हा जंतू मरतो. सिफिलिस आणि एचआयव्हीच्या रक्तासाठी उपाशीपोटी येण्याची गरज नाही.

नाव किंवा कोड, तारीख, वेळ आणि नमुना कुठला हे नळीवर लिहा, झाकणावर नको. झाकणं बदलली जातात. दोन-तीन स्वॅब असतील तर 'घसा', 'गुदाशय' हे शब्द नळीवर असलेच पाहिजेत. फॉर्मवरचा आणि नळीवरचा मजकूर ताडून पाहा. जुळला नाही तर लॅब नमुना परत करते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. नळी सीलबंद पिशवीत, फॉर्म पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात. पाठवायचं असेल तर आत शोषून घेणारा कागद आणि बाहेर टणक खोका हवा.

फॉर्मवरचा फोन नंबर शेवटी एकदा वाचा. घरातला सगळ्यांचा नंबर सवयीने लिहिला जातो आणि रिपोर्ट भलत्याच्याच हातात उघडतो. फक्त तुमच्याकडे असलेला नंबर द्या.