पुळण किती गेली, ते फुटात सांगा

भूमी अभिलेख खात्यात ३२ वर्षं मोजणी केली, पण दर्याची कड मोजायला शिकलो ते निवृत्तीनंतर, मालवणजवळच्या देवबागात. एकीकडे कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र, मधे आमची चिंचोळी पट्टी. ‘समुद्र आत आला’ एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत झोपतो. कधीपासून, किती फूट, हे लिहिलं की निदान कोणी उलट विचारायला येतं.

चेन्नईचं राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र उपग्रहाच्या चित्रांवरून किनाऱ्यावर लक्ष ठेवतं. १९९० ते २०१८ च्या त्यांच्या हिशोबात देशाचा ३३.६ टक्के किनारा झिजणारा निघाला. पण त्या नकाशात तुमचा माड दिसत नाही. तो तुम्हीच मोजायचा.

आधी न हलणारी खूण धरा. माझी आहे विहिरीच्या कठड्याचा कोपरा. तिच्यामागे, समुद्राच्या सरळ रेषेत दुसरी खूण, म्हणजे टेप दरवेळी एकाच दिशेला जातो. टेप ३० मीटरचा, धरायला दोघं. मोजायचं ते पाण्यापर्यंत नाही, पाण्याची रेघ दिवसातून चारदा जागा बदलते. वाळूवर पसरणारी मर्यादवेल जिथे संपते किंवा वाळूला उभा कडा पडलाय, तिथपर्यंत मोजा. वहीत तारीख, तिथी आणि फूट लिहा. त्याच जागेवरून एक फोटो काढा.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी मे महिन्यात आणि मग ऑगस्टमध्ये मोजलं. २२ फूट गायब! घाबरून अर्ज ठोकला. साहेब आले जानेवारीत, तोवर निम्मी वाळू परत येऊन बसली होती. साहेब हसले, मी ओशाळलो. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात, शांत दिवसांत बरीचशी परत आणून टाकतात. म्हणून मे ची तुलना मे शीच करा. उधाणात झालेलं नुकसान वेगळ्या पानावर लिहा. त्याचा पंचनामा तलाठ्याकडून लगेच करून घ्यावा.

दोन-तीन वर्षांचे आकडे जमले की ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, वहीची नक्कल जोडा आणि तहसीलदार व पत्तन (बंदर) अभियंत्याकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांखालची, परवानगी लागते, त्यामुळे वेळ लागणारच. (आमची समुद्रात गेलेली जमीन सातबाऱ्यावर अजून कोरडीच आहे.)

आणि बंधारा मागताना तो कुठे संपणार तेही विचारा. दगड जिथे थांबतात, त्याच्या पुढची वाळू लाटा जास्त खातात. म्हणून यंदा मी तिसरी खूण शेजाऱ्याच्या कुंपणाच्या खांबावर मारली आहे, त्याला सांगून.