अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक चुकत असतील तर

वर्डमधील अनुक्रमणिका मजकुराबरोबर आपोआप बदलत नाही. तिच्यावर क्लिक करून एफ९ दाबावे आणि ‘अपडेट एंटायर टेबल’ निवडावे, कारण केवळ पृष्ठक्रमांक अद्ययावत केल्यास नवी किंवा बदललेली शीर्षके तीत उतरत नाहीत. एखादे प्रकरण तिथे येतच नसेल, तर त्याचे शीर्षक बहुधा नुसते ठळक आणि मोठे केलेले असते. त्याला ‘हेडिंग १’ ही स्टाइल द्यावी. क्रमांक हाताने टाइप करून वेळ मारून नेणे कटाक्षाने टाळावे.

खरी गुंतागुंत होते ती प्रस्तावनेला रोमन अंक आणि मुख्य मजकुराला १ पासून क्रमांक हवे असतात तेव्हा. पहिल्या प्रकरणाआधी साधा पेज ब्रेक नव्हे, तर ‘नेक्स्ट पेज’ प्रकारचा सेक्शन ब्रेक (दस्तऐवजाचे स्वतंत्र विभाग पाडणारी खूण) घालावा, मग त्या प्रकरणाच्या फूटरवर, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीवर, दोनदा क्लिक करून ‘लिंक टू प्रीव्हियस’ (आधीच्या विभागाच्या फूटरशी असलेली जोडणी) बंद करावे आणि त्यानंतरच ‘फॉरमॅट पेज नंबर्स’मध्ये ‘स्टार्ट अ‍ॅट’पुढे १ लिहावे. हा क्रम पाळावाच, कारण ती जोडणी तोडण्याआधी फूटरमध्ये काही खोडले, तर ते प्रस्तावनेतूनही जाते.

पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची तयार करताना परिच्छेदचिन्हे दाखवणारे बटण बंद ठेवावे. ते चालू असल्यास सूचीसाठी घातलेल्या अदृश्य नोंदीही पानावर जागा व्यापतात, मजकूर पुढे सरकतो आणि क्रमांक चुकतात.