मीडियममधलं लॅक्टेट नेमकं कुणाचं?

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरहून कर्करोगाच्या चयापचयावर पीएचडी करायला निघालेल्यांना वॉरबर्ग परिणाम पाठ असतो: ऑक्सिजन असतानाही कर्कपेशी ग्लुकोजपासून लॅक्टेट बनवतात. गाठीभोवतीच्या आधारपेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, एमसीटी४ या पेशीपटलातल्या वाहक प्रथिनावाटे लॅक्टेट सोडतात आणि कर्कपेशी एमसीटी१ या दुसऱ्या वाहकावाटे ते आत घेऊन मायटोकाँड्रियात जाळतात, हेही वाचलेलं असतं. अंडाशयाच्या गाठीला चरबीच्या पेशी मेदाम्लं पुरवतात, स्वादुपिंडाच्या गाठीला तिथल्याच स्टेलेट नावाच्या आधारपेशी अ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल. वाचन पुरेसं असतं, घात मोजणीत होतो.

दोन्ही पेशी ०.४ मायक्रॉनच्या ट्रान्सवेलमध्ये (मधल्या छिद्रांच्या पडद्यातून रेणू जातात, पेशी नाही) एकत्र ठेवल्या, २४ तासांनी लॅक्टेट मोजलं, वेगवेगळ्या वाढवलेल्यांच्या बेरजेइतकंच आलं. लगेच लिहून टाकतात: देवाणघेवाण नाही. असं लिहू नका! मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, उरतं ते बनलेलं वजा वापरलेलं. फायब्रोब्लास्टनी जास्त बनवलं आणि कर्कपेशींनी तेवढंच संपवलं तरी आकडा जागचा हलत नाही.

मग कार्बन-१३ ची (जड कार्बनची) खूण असलेलं लॅक्टेट देतात, ती खूण कर्कपेशींच्या सायट्रेटमध्ये (मायटोकाँड्रियात इंधन जळताना बनणाऱ्या रेणूत) सापडते आणि सगळे खूश होतात. सापळ्याचा दुसरा दात इथेच आहे. लॅक्टेटचं पायरुवेट आणि पायरुवेटचं लॅक्टेट करणारं एन्झाइम, लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, दोन्ही दिशांनी झपाट्याने चालतं. खुणेचं लॅक्टेट आत येतं, बिनखुणेचं बाहेर जातं. एकूण लॅक्टेट तसूभरही कमी झालेलं नसतं, तरी खूण पायरुवेटमार्गे सायट्रेटपर्यंत पोचते. म्हणून खूण आणि प्रमाण दोन्ही हवं, तेही ०, ४, ८ आणि २४ तासांना. सोबत एमसीटी१ अडवून बघा. त्यासाठीचं एझेडडी३९६५ हे औषध एमसीटी४ ला हात लावत नाही, त्यामुळे अर्थ लावता येतो. स्वस्त म्हणून सायनो-हायड्रॉक्सीसिनामेट हा दुसरा अडवणारा पदार्थ घेऊ नका: ते मायटोकाँड्रियात पायरुवेट नेणारा वाहकही बंद करतं, आणि मग परिणाम कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही.

मीडियमही बघा. हाय-ग्लुकोज डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये २५ मिलीमोलर ग्लुकोज असतं, रक्तात साधारण ५. एवढं ग्लुकोज समोर असताना पेशी लॅक्टेटकडे कशाला वळतील? ५ वर काम करा, पण २४ तासांनी ग्लुकोज शिल्लक आहे ना, ते तपासा. उपाशी पेशींचा आकडा काहीच सिद्ध करत नाही. मीडियममध्ये घालायच्या साध्या सीरममध्ये स्वतःचं ग्लुकोज आणि लॅक्टेट असतं, म्हणून डायलाइज्ड, म्हणजे असे लहान रेणू काढून टाकलेलं, सीरम घ्या. पेशी नसलेलं मीडियमही तेवढाच वेळ इन्क्युबेटरमध्ये ठेवून वजा करा.

घाबरू नका, सुरुवातीला मास स्पेक्ट्रोमीटर लागत नाही. कॉलेजच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३४० नॅनोमीटरला एनएडीएच (एन्झाइमच्या क्रियेत बनणारा, प्रकाश शोषणारा रेणू) मोजून एन्झाइम पद्धतीने लॅक्टेट आणि ग्लुकोज दोन्ही निघतं. नमुन्यातली प्रथिनं मात्र आधी काढा, कारण सीरममधली एन्झाइमं काम चालूच ठेवतात. एका ग्लुकोजपासून जास्तीत जास्त दोन लॅक्टेट बनतात. बनलेलं लॅक्टेट आणि वापरलेलं ग्लुकोज यांचं गुणोत्तर दोनच्या वर गेलं तर नव्या शोधाचं स्वप्न बघण्याआधी मोजणी तपासा.

सीहॉर्स या, पेशींचा ऑक्सिजन वापर आणि मीडियमचं आम्ल होणं मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखावर एवढी श्रद्धा ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. मीडियम आम्ल होतं ते नुसत्या लॅक्टेटच्या प्रोटॉनमुळे नाही, श्वसनातल्या कार्बन डायऑक्साइडमुळेही. नावाजलेल्या गाईडपेक्षा तुमचा कच्चा डेटा शेजारी बसून उघडणारा गाईड शोधा. शेजारच्या लॅबमधून उसन्या पेशी आणणं हा सगळ्यात महागडा शॉर्टकट. अशा पेशींत लपून येणारा मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जीवाणू स्वतःच मीडियममधली पोषकद्रव्यं खातो. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवा आणि तरीही मायकोप्लाझ्माची चाचणी करा.

ट्रेसरचे (खुणेच्या लॅक्टेटचे) नमुने मास स्पेक्ट्रोमीटरसाठी पुण्या-मुंबईला पाठवायचे तर मीडियम ओढून घेऊन काही सेकंदांत उणे ८० अंशांचं ८० टक्के मिथेनॉल ओता. वेळ गेला की एटीपीचे (पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूचे) आकडे बिघडतात. अर्क निर्वातात सुकवूनच ड्राय आइसमध्ये भरा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे खोका गच्च भरा, रात्रीच्या गाडीने धाडा आणि प्रत्येक नमुन्याची दुसरी नळी आपल्या फ्रीझरमध्ये राहू द्या.