हातात रक्कम ठरलेली, तर कोणता टॉवेल किती विणायचा? रेषीय नियोजनाने असे ठरवा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या लहान कारखानदाराकडे ऑर्डर असतात, माग असतात. अडते ते खेळते भांडवल. अशा वेळी ‘ज्यात मार्जिन जास्त, तो माल काढा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो पुष्कळदा नुकसानीचा ठरतो. पैसा आणि तास मर्यादित असताना जास्तीत जास्त नफा देणारी वाटणी गणिताने काढणे, म्हणजे रेषीय नियोजन. त्यासाठी 1947 साली जॉर्ज डँट्झिग यांनी मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत याचे नेमके उत्तर देते, आणि ती एक्सेलच्या ‘सॉल्व्हर’ या साधनात तयार आहे.

उदाहरणातले आकडे समजण्यापुरते आहेत. तुमचे वहीतून घ्या.

1. काय ठरवायचे ते लिहा. आठवड्याला नॅपकिन ‘क’ डझन, बाथ टॉवेल ‘ख’ डझन. दोन्ही टेरीच्या, म्हणजे टॉवेलचे फासेदार कापड विणणाऱ्या, मागांवर निघतात. चादरीचे जकार्ड (नक्षी विणणारे) माग असतील तर त्यांच्या तासांची मर्यादा वेगळी लिहा.

2. नफा मांडा. विक्रीतून सूत, डाइंग, मजुरी आणि वीज वजा करा. शेडचे भाडे यात धरू नका, ते माल काढला नाही तरी द्यावेच लागते. समजा डझनामागे नॅपकिनला 60 रुपये सुटतात, टॉवेलला 120.

3. मर्यादा मांडा. नॅपकिनच्या डझनात 240 रुपये गुंततात आणि मागाचा 1 तास जातो. टॉवेलच्या डझनात 600 रुपये आणि दीड तास. भांडवल 1,20,000 रुपये, माग-तास 400.

240क + 600ख ≤ 1,20,000
क + 1.5ख ≤ 400

उधारी इथेच धरा. वरचे आकडे पैसा आठवड्यात परत येतो असे मानून आहेत. टॉवेलचा व्यापारी दोन आठवड्यांनी पैसे देत असेल, तर 600 च्या जागी 1,200 लिहा. मग टॉवेल 100 डझनांवरून जेमतेम 28 डझनांवर येतात! मार्जिन तेच राहते, पण पैसा अडकून पडतो.

4. सॉल्व्हर चालवा. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्समधून तो सुरू करा. नफ्याचा सेल ‘मॅक्स’, पद्धत ‘सिम्प्लेक्स एलपी’, क आणि ख शून्य किंवा जास्त. उत्तर येते: नॅपकिन 250 डझन, टॉवेल 100 डझन, नफा 27,000. नुसते नॅपकिन किंवा नुसते टॉवेल काढले तर 24,000 च.

5. सॉल्व्हर उत्तरासोबत देतो तो सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट वाचा. माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग हाच. त्यातली ‘शॅडो प्राइस’ सांगते की आणखी एक रुपया भांडवल आठवड्याला साडेबारा पैसे जास्त नफा देईल, आणि मागाचा एक जादा तास 30 रुपये. म्हणजे 10,000 रुपये उसने घेतले तर आठवड्याला 1,250 वाढतात. महिना दोन टक्क्यांनी घेतले तरी व्याज महिन्याला 200 च. मात्र हे भांडवल 1,60,000 होईपर्यंतच खरे. त्यानंतर सगळे माग टॉवेलवरच गुंततात आणि जादा रुपया काहीच मिळवत नाही. बँकेत कॅश क्रेडिट मागताना मर्यादा किती मागायची, ते या आकड्यावरून ठरवा.

‘पूर्णांक’ अट (डझन पूर्णच हवेत, अपूर्णांकात नकोत) घातली तर हा रिपोर्ट मिळत नाही, म्हणून आधी तिच्याशिवाय चालवा. सुताचा भाव हलला की दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीचे आकडे बदलून सॉल्व्हर पुन्हा चालवा.