केक बसला, माळ विझली, पाहुणे अडकले: तरी घरचा नाताळ कसा पार पाडावा

24 डिसेंबर, संध्याकाळचे सात. ओव्हनमधून काढलेल्या केकच्या मधोमध बघता बघता वाटीएवढा खड्डा पडलाय. झाडावरची दिव्यांची माळ अर्धीच लागतेय. तेवढ्यात पाहुण्यांचा फोन येतो, आम्ही अजून निम्म्या वाटेतच आहोत. यातली एकेक गोष्ट सुटी आली असती तर हसण्यावारी नेली असती. पण असली संकटं हातात हात घालूनच येतात.

घरी नाताळ करायला लागल्यापासून माझी दर वर्षी काही ना काही फजिती झालीच आहे. त्यातून एक ध्यानात आलं, पदार्थ बिघडतो त्याहून कितीतरी जास्त वेळा वेळापत्रक बिघडतं. आठच्या ठोक्याला जेवण, साडेनऊला केक, मग भेटवस्तू, असं सगळं आपण घड्याळाला बांधून ठेवतो. एक मणी निसटला की बाकीचे घरंगळतात. म्हणून खाली दिलेल्या बऱ्याच उपायांत पदार्थ वाचवण्याइतकंच तास सैल करण्याचं काम आहे.

पहिली पायरी: हातातलं काम खाली ठेवा

गॅस बंद करा आणि दहा मिनिटं बसा. खरंच बसा. घाईघाईने केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा महागात पडते. मी एकदा बसलेला केक रागाच्या भरात सरळ कचऱ्यात टाकला. राग उतरल्यावर आठवलं, कच्चा होता तो फक्त मधला भाग. कडेचा सगळा केक छान भाजलेला होता.

आता एका कागदावर तीन रकाने आखा: आजच हवं, उद्या चालेल, नसलं तरी चालेल. हे एकट्याने भरू नका, घरात विचारा. एका वर्षी मी टेबल सजवण्यात अख्खी दुपार घालवली होती. मुलांना विचारल्यावर धाकटी म्हणाली, "आई, सगळे दिवे घालवून फक्त झाडाचे ठेवायचे आणि कोको प्यायचा." टेबलाचा उल्लेखसुद्धा नाही. आजच हवं या रकान्यात चारपेक्षा जास्त गोष्टी आल्या, तर यादी अजून प्रामाणिक झालेली नाही असं समजा.

"उद्या चालेल" हा रकाना भरताना अपराधी वाटत असेल तर पंचांग तुमच्या बाजूने आहे. परंपरेने नाताळ हा एका रात्रीचा सण नाहीच. 25 डिसेंबरपासून तो बारा दिवस चालतो. त्यानंतर 6 जानेवारीला एपिफनी, म्हणजे पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी) लोक बाळ येशूच्या दर्शनाला पोहोचले त्याचा सण. स्पेनमध्ये मुलांना भेटी मिळण्याचा मोठा दिवस हाच. जुन्या ज्युलियन कालगणनेने चालणारी ऑर्थोडॉक्स चर्च तर नाताळच 7 जानेवारीला साजरा करतात. तेव्हा तुमचं मोठं जेवण 27 तारखेला गेलं तर काही बिघडत नाही.

दुसरी पायरी: पाहुण्यांना खरं सांगा, आणि लवकर सांगा

"थोडा उशीर होईल" असं मोघम बोलू नका. "जेवण साडेनऊच्या आधी होणार नाही, येताना मुलांना काहीतरी खाऊ घालून आणा" असं सांगा. लोक उशिराला रागावत नाहीत, भुकेल्या मुलांना सांभाळत ताटकळायला रागावतात. पाहुणेच अडकले असतील तर घरातल्यांनी वेळेवर जेवून घ्यावं आणि केक सगळ्यांसाठी राखून ठेवावा. अचानक चार माणसं वाढली तर मुख्य पदार्थ पुरवायच्या भानगडीत पडू नका. आधी वाडगाभर सूप आणि ब्रेड द्या, मुख्य पदार्थाचे लहान तुकडे करा आणि बरोबर भात किंवा पास्ता ठेवा. ताट भरलेलं दिसतं आणि पोटही भरतं.

तिसरी पायरी: स्वयंपाकघर

इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते.

केक मध्ये बसला म्हणजे बाहेरचा भाग शिजून उभा राहिला आणि आतला अजून ओला होता. कारणं ठरलेली आहेत. दहा मिनिटांत ओव्हनचं दार उघडून डोकावणं, बेकिंग पावडर जास्त पडणं, मिश्रण तयार करून ते बराच वेळ तसंच ठेवणं, किंवा ओव्हनचा काटा 180 अंश दाखवत असताना आत तेवढी उष्णता नसणं. हे पुढच्या वेळेसाठी. आत्ता खड्ड्यात टूथपिक खुपसा. ती ओली, चिकट निघाली आणि केक अजून गरम असेल, तर वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल सैलसर झाका आणि पुन्हा पंधरा मिनिटं भाजा. खड्डा भरून येणार नाही, एवढी आशा सोडूनच द्या. पण आतला भाग शिजेल. टूथपिक कोरडी निघाली की ओव्हनमधून काढा.

केक पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर कापताना भुगा होतो. मग एक वाटी बरोबर खड्ड्यावर उपडी ठेवा आणि तिच्या कडेने सुरी उभी धरून गोल फिरवा. मधला भाग चमच्याने उचलून काढा. तुमच्यासमोर आता गोल कड्यासारखा केक आहे, असा साचा विकत मिळतो त्यातून काढल्यासारखा. पोकळीत फेटलेलं क्रीम आणि फळांच्या फोडी भरा, वरून पिठीसाखर चाळणीतून भुरभुरा. आमच्या घरी हा केक इतका आवडला की पुढच्या वर्षी नीट फुगलेला केक बघून धाकटीने तोंड वाकडं केलं.

कडाही धड नसतील तर केक हाताने कुस्करून काचेच्या ग्लासात घाला: एक थर केकचा, एक कस्टर्डचा, एक फळांचा. याला ट्रायफल म्हणायचं आणि ठरवून केल्यासारखं वाढायचं.

तळ करपला असेल तर केक तासभर फ्रिजमध्ये ठेवून दातेरी सुरीने करपलेला थर खरवडून काढा. गरम असताना हात लावू नका. भांड्याला चिकटला असेल तर दहा मिनिटं थांबा, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यावर भांडं ठेवा, मग उपडं करा. सुका मेवा सगळा तळाशी बसला असेल तर केक उलटाच वाढा, मेवा आपोआप वर येतो. आणि यादीतलं एखादं फळ मिळालंच नाही म्हणून अडून राहू नका. प्लम केकमध्ये प्लम नसतातच. जुन्या इंग्रजीत मनुक्यांनाच तसं म्हणायचे.

आता गोठलेला मोठा पक्षी. टर्की किंवा अख्खी कोंबडी आदल्या रात्री फ्रीझरमधून काढली आणि सकाळी आत दगडासारखी, हे दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी घडतं. फ्रिजमध्ये दर दोन किलोला साधारण एक पूर्ण दिवस लागतो, म्हणजे पाच किलोच्या पक्ष्याला अडीच दिवस. तेवढा वेळ नसेल तर न गळणाऱ्या पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्ध्या किलोला सुमारे अर्धा तास धरा, आणि सुटल्यावर लगेच शिजवा. ओट्यावर उघडा ठेवून किंवा गरम पाण्यात घालून वितळवू नका. बाहेरचा भाग कोमट होतो, आतला गोठलेलाच राहतो आणि मधल्या वेळात जंतूंची चैन. गोठलेला पक्षी थेट ओव्हनमध्येही चालतो. वेळ दीडपट लागतो आणि पोटात सारण भरायचं नाही, एवढंच. सगळ्यात जाड भागात आतलं तापमान 74 अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचलं की झालं. मला विचाराल तर इतकी कसरत करण्यापेक्षा पक्ष्याला 26 तारीख द्यावी आणि आज दुसरं काहीतरी करावं.

ग्रेव्ही खारट झाली तर मीठ नसलेलं पाणी, दूध किंवा क्रीम घालून वाढवा. बटाटा टाकून मीठ शोषलं जातं यावर माझा विश्वास नाही. बटाटा थोडं खारट पाणी पितो, उरलेलं तेवढंच खारट राहतं. खाली लागलं असेल तर तळ न खरवडता वरचं वर दुसऱ्या भांड्यात ओता.

चौथी पायरी: माळ आणि झाड

आधी प्लग काढा. जुन्या धाटणीच्या माळांमध्ये दिवे एकामागोमाग एकाच वाटेवर जोडलेले असतात, म्हणून एक दिवा सैल झाला की त्या भागातले सगळे विझतात. लांब माळ अशा दोन-तीन भागांची असते, त्यामुळे अर्धी लागते आणि अर्धी नाही. विझलेल्या भागातला प्रत्येक दिवा बोटाने हलकेच आत दाबा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं. नाही झालं तर चांगल्या भागातला एक दिवा काढा आणि विझलेल्या भागात एकेका जागी लावून बघा, दर वेळी प्लग काढून. अख्खीच माळ बंद असेल तर प्लगमध्ये छोटा फ्यूज आहे का पाहा. एलईडीच्या बंदिस्त माळेत यातलं काही चालत नाही. मग विझलेला भाग भिंतीकडे किंवा झाडाच्या आतल्या फांद्यांत दडवा. वायरचं आवरण तडकलं असेल, तर मात्र टेप लावून वेळ मारून नेऊ नका, ती माळ टाकूनच द्या.

नवी माळ नाहीच मिळाली तर? झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते 1882 मध्ये, न्यू यॉर्कमध्ये, थॉमस एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांच्या घरी. 80 दिवे होते. त्याआधीचे सगळे नाताळ विजेच्या माळेविनाच झाले. तेव्हा लोक फांद्यांवर खऱ्या मेणबत्त्या लावत आणि शेजारी पाण्याची बादली ठेवत. त्यांचं अनुकरण करू नका. चकचकीत गोळे आणि आरशाचे तुकडे लावून समोरून टेबललॅम्प सोडला तर झाड पुरेसं लखलखतं.

झाड पडलं असेल तर गुन्हेगार बहुधा चार पायांचा असतो. उभं करून शेंड्याजवळ मासेमारीची पारदर्शक दोरी बांधा आणि खिडकीच्या कडीला अडकवा. फुटलेल्या काचेच्या गोळ्याचे मोठे तुकडे आधी उचला, मग ओला कागद जमिनीवर दाबून कण टिपून घ्या. मांजर असेल तर चमकीच्या लडी लावूच नका. गिळल्या तर आतड्यात अडकतात. कुत्र्याला मनुका आणि चॉकलेट विषारी असतं, म्हणून उरलेला केक उंचावर.

वीज गेली तर

फ्रिज उघडू नका. दार बंद असेल तर फ्रिजमधला गारवा साधारण चार तास टिकतो. गच्च भरलेला फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24 तास. म्हणजे घाबरायची घाई नाही. मेणबत्त्या झाड, पडदे आणि कागदी सजावटीपासून निदान 30 सेंटिमीटर दूर ठेवा आणि कुणीतरी खोलीत असेल तेव्हाच जळू द्या. कोळशाची शेगडी घरात पेटवायची नाही, खिडकी उघडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. केक भाजायचा राहिला असेल आणि गॅस चालू असेल तर जाड बुडाचं पातेलं झाकण ठेवून तापवा, आत जाळी ठेवून तिच्यावर केकचं भांडं ठेवा आणि मंद आचेवर भाजा. वेळ जास्त लागतो, वरचा रंग फिका येतो, बाकी उत्तम.

आणि गाणी म्हणून घ्या. अंधारात बेसूर माणूसही मोकळा होऊन गातो.

भेटवस्तू पोहोचलीच नाही तर

लहान मुलांना "हरवली" सांगू नका आणि "वाटेवर आहे" असं म्हणून मोकळेही होऊ नका. वस्तूचं चित्र काढा, चार तुकडे करा आणि घरात चार ठिकाणी लपवा. जोडल्यावर काय येणार ते कळतं, आणि वस्तू आली की दुसरा नाताळ होतो. कागद संपला असेल तर ओढणी किंवा नॅपकिन कर्णावर पसरून मध्ये वस्तू ठेवा, समोरासमोरची टोकं बांधा.

घरात कुणी आजारी असेल तर सजावटीतली एक छोटी फांदी आणि दोन दिवे त्यांच्या उशाशी न्या, बाकीचं सगळं त्यांना बरं वाटेल त्या दिवसावर ढकला.

झाड उतरवाल तेव्हा सजावटीच्या डब्यात सगळ्यात वर एक चिठ्ठी ठेवा, पुढच्या डिसेंबरात पहिली तीच हाती यावी म्हणून. माझ्या डब्यातली अशी आहे: "जादा फ्यूज निळ्या पाकिटात. केक 22 तारखेला भाजणे. पाहुण्यांना 'सहानंतर कधीही' सांगणे. गोळे लावताना मांजर दुसऱ्या खोलीत."